अनुभव धागा: लिनक्स टर्मिनलवरून फाइलची मालकी बदलताना

'परमिशन डिनाइड' दिसलं की बरेच जण सरळ सुडो (रूट, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणं) लावून चोन (मालक बदलणारी कमांड) मारतात. बहुतेकदा काम भागतंही. पण त्यानंतर आणखी काय काय हललं, त्याचे किस्से इथे लिहा. मॅन्युअल सगळ्यांकडे आहे, स्वतः पाहिलेलं सांगा.

---

बॅकअपची डिस्क नव्या मशीनला लावली तर माझ्या सगळ्या फाइल सहकाऱ्याच्या नावावर! कुणी काहीही बदललेलं नव्हतं. 'एलएस डॅश एलएन' (फाइलची यादी दाखवणारी कमांड) केलं, नावांच्या जागी आकडे आले आणि उलगडा झाला. डिस्कवर मालकाचं नाव नसतंच, फक्त यूआयडी, म्हणजे युजरचा क्रमांक असतो. जुन्या मशीनवर १००१ मी होतो, इथे १००१ तो. मग चोनला 'फ्रॉम' पर्याय देऊन मालक १००१ असलेल्या फाइलच तेवढ्या बदलल्या, रूटच्या फाइलना धक्का नाही. इतका कामाचा पर्याय कुणी वापरताना दिसत नाही, का कोण जाणे.

---

आमच्या टीममध्ये एकाने यूएसआर डिरेक्टरीवर (सिस्टीमचे प्रोग्राम असतात ती) डॅश कॅपिटल आर लावून, म्हणजे आतल्या सगळ्या फाइलसकट, चोन चालवला. पहिला बळी सुडोचा. त्याची फाइल रूटच्याच मालकीची लागते आणि तिच्यावर सेटयूआयडी बिट (कुणीही चालवलं तरी प्रोग्राम फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालतो, ती खूण) असावा लागतो. लाइव्ह यूएसबीवरून बूट करून मालकी रूटला परत दिली, तरी सुडो ढिम्म. कारण मालक बदलताना कर्नल (सिस्टीमचा गाभा) तो बिट काढून टाकतो, आणि मालकी परत दिली म्हणून तो परत येत नाही. सीएचमॉडने (परमिशन बदलणारी कमांड) ४७५५ देऊन तो बिट परत लावल्यावर सुडो हललं. पण एसयू, पासडब्ल्यूडी (युजर आणि पासवर्ड बदलायच्या कमांड) यांचीही तीच गत झाली होती. एकेक शोधत बसण्यापेक्षा शेवटी सिस्टीम नव्याने टाकली.

---

पेनड्राइव्हवर चोन चालवला तर रूट असूनही 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. त्यावरच्या एक्सफॅट फाइल सिस्टीममध्ये मालकी नोंदवायची सोयच नाही. माउंट करतानाच (सिस्टीमला जोडतानाच) यूआयडी द्या, विषय संपला.

---

डॉकरवाल्यांनो, कंटेनरने (डॉकर प्रोग्राम ज्या वेगळ्या कप्प्यात चालवतो तो) होस्टच्या, म्हणजे मूळ मशीनच्या फोल्डरमध्ये रूटच्या फाइल टाकल्या की दरवेळी चोन कशाला? कंटेनरच 'युजर' पर्यायाने आपल्या यूआयडीवर चालवा.

---

एक शंका: फाइल माझीच आहे, तरी मित्राच्या नावावर करता येत नाही. असं का?

---

लिनक्सवर त्याला रूटच लागतो. नाहीतर कुणीही आपल्या फाइल दुसऱ्याच्या नावावर करून डिस्क कोटा (प्रत्येकाला ठरवून दिलेली जागा) चुकवला असता. ग्रुप मात्र तुम्ही बदलू शकता, तुम्ही स्वतः त्या ग्रुपात असाल तर. दोघांचा एक ग्रुप करून घ्या, सीएचजीआरपी (ग्रुप बदलणारी कमांड) चालवा आणि ग्रुपला राइट परमिशन द्या. मालकी तुमच्याकडेच राहू दे.