पॅनिक अटॅक येतात तर आधी ताट बदलायचं की डॉक्टर गाठायचा?

कुळागर
माझा धाकटा भाऊ वेर्ण्याला शिफ्टच्या कामाला आहे. सकाळी रिकाम्या पोटी कडक चहा, कामावर मशीनची कॉफी, जेवण दुपारी कधीतरी. अकराच्या सुमारास हात थरथरायचे, घाम फुटायचा, आता आपण मरणार असं वाटायचं. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. मग त्याला निघण्याआधी पेज नाहीतर उंडो (गोव्याचा पाव)-पातळभाजी खायला लावली, कॉफी बंद केली. अटॅक पुष्कळ कमी झाले. पोट रिकामं राहिलं की साखर उतरते, ती सावरायला शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं आणि धडधड सुरू होते. त्यात वर कॅफिन. माझं ठाम मत आहे की गोळ्या सुरू करण्याआधी महिनाभर तरी खाणंपिणं सुधारून बघावं.

शापोरा
ताई, भावाला बरं वाटतंय हे छानच, पण तुमच्या शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे. मी नर्स आहे. मधुमेह नसलेल्या माणसाचा एक नाश्ता चुकला म्हणून साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही, यकृत सांभाळून घेतं. धडधड तर जिना चढल्यावरही होते. पॅनिकमध्ये माणूस तिचा अर्थ 'हार्ट अटॅक' असा लावतो आणि त्या भीतीनेच ती वाढत जाते. हे चक्र तोडायला सीबीटीसारखं, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन आहे, गरज पडली तर गोळ्या आहेत. पथ्याच्या मागे लागलेली माणसं मी बघते. आधी कॉफी सुटते, मग तिखट, मग लग्नाचं जेवण, शेवटी घराबाहेर पडणंच. त्यात आणखी महिना कशाला घालवायचा?

मांडवीकाठ
कॅफिनला एवढं हलकं घेऊ नका. पॅनिक डिसऑर्डर असलेल्यांना साधारण पाच कप कॉफीएवढं कॅफिन दिलेल्या प्रयोगांचा एकत्र आढावा २०२२ मध्ये आला. जवळजवळ निम्म्या रुग्णांना अटॅक आला, नुसती खोटी मात्रा दिली तेव्हा एकालाही नाही. शिवाय निम्मं कॅफिन शरीरातून जायलाच पाचेक तास लागतात. संध्याकाळची कॉफी रात्रीची झोप खाते, आणि झोप नसली की दुसऱ्या दिवशी जीव घाबरा असतोच.

शापोरा
मान्य, पण ते पाच कप एकदम. कॉफी कमी करा, जरूर करा. हळूहळू करा, नाहीतर डोकं दुखतं आणि त्यानेही माणूस घाबरतो.

उसगावकर
दारूचा विषय कोणीच काढला नाही, आणि गोव्यात तो काढायलाच हवा. एप्रिल-मेमध्ये घरोघरी हुर्राक, म्हणजे काजूची दारू असते, एरवी 'झोप लागते' म्हणून दोन पेग. दारू मेंदूला काही तास शांत करते, पण ती उतरायला लागली की मेंदू उलटा उसळी घेतो. पहाटे तीन-चारला जाग, घाम, छातीत धडधड, कारण नसताना भीती. आमच्या वाड्यावरचे एक काका त्या वेळी अंगणात फेऱ्या मारायचे, एका हाताने दुसऱ्या हाताची नाडी धरून. घरचे गॅस समजून जिऱ्याचं पाणी द्यायचे. संध्याकाळी ती भीती घालवायला पुन्हा ग्लास. पॅनिकच्या पेशंटला सगळे चहा-कॉफीचं विचारतात, पिण्याचं विचारायला मात्र लाजतात. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडू नये, फिट येऊ शकते. डॉक्टरला विचारूनच सोडावी.

कुळागर
उसगावकर, हे फार गरजेचं लिहिलंत. शापोराताई, गोळ्या घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. पण सकाळी पेज करायला कुठल्या ओपीडीची तारीख लागत नाही, आणि आमच्याकडे अजून मनाच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की सगळं घर गप्प होतं. ताटापासून सुरुवात केली की माणूस निदान काहीतरी करायला लागतो.

शापोरा
मग दोन्ही एकाच आठवड्यात करा. बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार इस्पितळात दाखवता येतं. जायची लाज वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे. एक विचारते, भाऊ आता डब्याशिवाय बसमध्ये चढतो का?

कुळागर
नाही. डबा विसरला तर वाटेतून परत येतो.

शापोरा
तेच सांगा डॉक्टरांना, अगदी याच शब्दांत. अटॅक कमी झाले एवढंच सांगून उठू नका. पेज चालू राहू दे.