दोन नंबरची बस आणि मधला स्टॉप

(सोसायटीचा ग्रुप, सातारा रोड, बालाजीनगर)

सेक्रेटरी (ए ५०१): नमस्कार मंडळी. सी विंगच्या आजींना आज सकाळी रस्ता ओलांडताना दुचाकीचा धक्का लागला. डाव्या मनगटाचं हाड मोडलंय, प्लॅस्टर घातलंय. डोक्याला मार नाही. दुपारी घरी आल्यात. भेटायला एकदम गर्दी करू नका, त्यांना झोप हवी आहे.

बी ४०२: अरे बापरे. कुठे झालं हे?

सेक्रेटरी (ए ५०१): आपल्या गेटसमोरच. रस्त्याच्या मधल्या बसस्टॉपकडे जात होत्या.

डी ३०१: आजी लवकर बऱ्या व्हा 🙏

सी ४०४: हे बसवाले चालवतातच तशी. कोणी विचारणारं नाही.

सी २०३ सूनबाई: दादा, बसचा काही संबंध नव्हता. आईंना कात्रजकडून दोन नंबर येताना दिसली म्हणून त्या घाईने निघाल्या. बस अजून सिग्नलला उभीच होती. आईंचं लक्ष उजवीकडे बसकडे, आणि डावीकडून एक मुलगा राँग साइडने आला. धडकला, मागे वळून बघितलं आणि गेला.

सी ४०४: सॉरी वहिनी. मला वाटलं बस होती.

ए २०४ वकीलताई: गाडीचा नंबर कोणी पाहिला का?

सी २०३ सूनबाई: वॉचमन म्हणतात काळी गाडी होती. एवढंच.

सेक्रेटरी (ए ५०१): गेटच्या कॅमेऱ्याचं फुटेज काढायला सांगितलंय. दुसऱ्या कॅमेऱ्यात रस्ता दिसतो, पण मध्ये ते जाहिरातीचं फ्लेक्स आहे.

बी ४०२: ते फ्लेक्स काढा म्हणून मी दिवाळीपासून सांगतोय.

ए १०२: पांढरी गाडी बी विंगच्या जिन्यासमोर लावली आहे, कोणाची असेल त्यांनी काढा. सिलिंडरवाला थांबलाय.

बी १०३ काका: आजी जाग्या झाल्या की माझा नमस्कार सांगा. त्या माझ्या फार जुन्या पॅसेंजर. ३१ वर्षं कंडक्टरकी केली, त्यातली निम्मी याच रस्त्यावर. आजी तेव्हा मंडईजवळच्या शाळेत शिकवायच्या. दहा पाचची गाडी त्यांची. तेव्हा स्टॉप डाव्या बाजूला होता, सोसायटीच्या भिंतीला लागून. गुलमोहराखाली उभ्या राहायच्या, डबा आणि वह्यांची पिशवी घेऊन.

डी ३०१: काका तो गुलमोहर आठवतोय! रस्ता मोठा झाला तेव्हा तोडला.

बी १०३ काका: हो. त्याच्या बुंध्याला कोणीतरी पत्र्यावर रूट नंबर रंगवून लावले होते. आम्हाला आमच्या बोर्डापेक्षा तोच जास्त उपयोगी.

सी ४०४: काका, दोन नंबर तेव्हापासून आहे?

बी १०३ काका: कात्रज–शिवाजीनगर म्हणजे दोन नंबर. जाताना शिवाजी रोडने मंडई, येताना बाजीराव रोडने अप्पा बळवंत चौक. नवा पाहुणा हमखास फसायचा. मंडईला उतरला की परतीची गाडी तिथेच शोधत बसायचा, आणि गाडी पलीकडच्या रस्त्याने निघून गेलेली. रोज दोघातिघांना मी हात करून दाखवायचो, 'तिकडं, बाजीराव रोडला जा.'

बी ४०२: 😂 माझे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा हेच झालं. तासभर मंडईत.

ए ३०३: बीआरटी, म्हणजे बससाठीची मधली वेगळी लेन, नंतर आली ना?

बी १०३ काका: २००६ च्या डिसेंबरला. स्वारगेट–कात्रज आणि स्वारगेट–हडपसर. देशात पहिली म्हणून फार गाजावाजा झाला होता. परदेशात अशी चालते, तशी चालते, सगळं ऐकलं. तेव्हा स्टॉप गेला रस्त्याच्या मधोमध. पहिल्या आठवड्यात पॅसेंजर सवयीने जुन्या जागीच उभे. मी दारातून ओरडतोय 'इकडं या, इकडं', आणि ते मधल्या गाड्यांकडे बघून जागचे हलत नाहीत.

ए ३०३: पण काका खरं सांगू का, मला बीआरटी आवडते. मी रोज स्वारगेटला जाते, तिथून मेट्रो. बाहेर गाड्या पद्मावतीपर्यंत तुंबलेल्या असतात आणि आमची बस आतून पुढे. दुचाकीवाले आत घुसले नाहीत तर.

बी ४०२: 'नाहीत तर' वर सगळं अडलंय ना ताई.

बी १०३ काका: बस भारीच पळते, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न बसचा नाही, बसपर्यंत जायचा आहे. बघा, पुण्यातला माणूस बसमागे पळतो, तेव्हाही पळायचा. पण तेव्हा फूटपाथवरून बसच्या बाजूने पळायचा. पडला तर गुडघा फुटायचा, पॅन्ट फाटायची. आता तीच पळापळ गाड्यांना आडवी आहे. पळणं तेच, दिशा बदलली.

डी ३०१: काका हे बरोबर सांगितलंत.

बी १०३ काका: आणि दोरी गेली. पूर्वी बसच्या छताखालून घंटेची दोरी असायची. सिंगल बेल म्हणजे थांब, डबल म्हणजे चल. कोणी पळत येताना दिसलं की मी हात दोरीवर ठेवून उभा राहायचो, दुसरा ठोका द्यायचो नाही. ड्रायव्हर आरशात बघून कुरकुर करायचा, टाइम होतोय म्हणायचा. पण चार सेकंद द्यायचा. ती चार सेकंद मिळणार हे पॅसेंजरला ठाऊक होतं. आता दार बंद झालं की झालं. म्हणून लांबून बस दिसली की लोक जिवावर उदार होतात.

सी ४०४: आणि इलेक्ट्रिक बसचा आवाजच येत नाही. जुनी पीएमटीची बस धनकवडीत वळली की आमच्या खिडकीच्या काचा वाजायच्या. आई म्हणायची बस आली, चप्पल घाल.

बी ४०२: पीएमपीएमएल म्हणायचं आता, २००७ पासून 😄

सी ४०४: दादा, पुण्यात अजून कोणी म्हणतं का तसं?

ए ३०३: आवाजाचं मात्र खरं आहे. २०१९ ला पहिल्या इलेक्ट्रिक गाड्या आल्या तेव्हा मी स्टॉपवर फोनवर बोलत होते, बस शेजारी येऊन उभी राहिली तरी कळलं नाही. दचकले.

बी १०३ काका: मुलांना दोन गोष्टी सांगून ठेवा. एक, उभ्या बसच्या अगदी पुढून रस्ता ओलांडायचा नाही. ड्रायव्हर उंचावर बसतो, काचेखालचं टोक त्याला दिसत नाही. लहान मूल तर नाहीच नाही. दोन, वळणाऱ्या बसच्या डाव्या बाजूला सायकल किंवा स्कूटर घुसवायची नाही. पुढचं चाक मोठ्या गोलाईत जातं, मागचं आत कापत येतं. पुढचं चाक गेलं म्हणजे बस गेली असं समजून लोक घुसतात आणि मागच्या चाकाखाली सापडतात.

डी ३०१: काका, माझा मुलगा हे रोज करतो. स्कूटरवरून. आज रात्री तुम्ही घरी या आणि त्याला सांगा, माझं ऐकत नाही.

बी १०३ काका: येतो. चहा ठेवा.

ए १०२: पांढरी गाडी अजून तिथेच आहे.

ए ३०३: २०१२ चं आठवतंय का कोणाला? २५ जानेवारी. स्वारगेट आगारातून एका चालकाने एसटी पळवली होती, ९ माणसं गेली. मी कॉलेजला निघाले होते. बाबांचा फोन आला, 'जिथे आहेस तिथे दुकानात शीर.' एका स्टेशनरीच्या दुकानात दीड तास. मालकाने शटर अर्धं ओढलं आणि आम्हा सगळ्यांना पाणी दिलं.

बी ४०२: मी त्या दिवशी सुट्टीवर होतो. पण नंतर महिनाभर स्वारगेटला एसटी वळताना दिसली की लोक दोन पावलं मागे व्हायचे. मीही व्हायचो.

ए ३०३: मी अजून होते.

सी ४०४: आणि हायवेवरचा नवले पूल. नोव्हेंबर २०२२. एका ट्रकने कितीतरी गाड्यांना ठोकलं. माझा मित्र त्या गर्दीत होता, गाडी पार गेली, तो वाचला.

बी १०३ काका: तो उतार पाहिलाय ना? कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवल्यापर्यंत गाडी आपोआप पळते. डिझेल वाचवायला काही जण न्यूट्रल टाकतात. मग इंजिनची अडवण राहत नाही, सगळा भार ब्रेकवर. भरलेल्या गाडीचे ब्रेक तापले की पाय दाबूनही उपयोग नाही. आमचा एक जुना ड्रायव्हर म्हणायचा, उतारावर ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर. बस घाटात न्यायचा तेव्हा हा नियम कधी मोडला नाही.

डी ३०१: आपण आजींच्या विषयावरून कुठे गेलो.

बी ४०२: एक मेसेज आलाय, पुढे पाठवतो. 'अपघात झाल्यास सरकार ५ लाख रुपये देते, हा मेसेज १० जणांना पाठवा'...

ए २०४ वकीलताई: कृपया नको. जे खरं आहे ते सांगते. धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही तर सरकारी योजनेतून मदत मिळते: मृत्यू झाला तर २ लाख, गंभीर दुखापत असेल तर ५० हजार. हे आकडे १ एप्रिल २०२२ पासून आहेत. हाड मोडणं म्हणजे कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत, म्हणून आजींचा अर्ज बसू शकतो. मात्र आधी पोलिसांत तक्रार हवी. गाडी सापडली तर वाट वेगळी, तेव्हा अपघात दावा प्राधिकरणाकडे जायचं. कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे, तेव्हा 'बघू नंतर' नको.

सी २०३ सूनबाई: तक्रार अजून केली नाही ताई. डॉक्टरांच्या धावपळीत राहिली.

ए २०४ वकीलताई: उद्या सकाळी मी येते सोबत. दवाखान्याचे कागद आणि एक्स-रे ठेवा. आणि सगळ्यांसाठी: रस्त्यावर कोणी पडलं तर उचला. मदत करणाऱ्याला पोलीस नाव-पत्ता द्यायची सक्ती करू शकत नाहीत, दवाखानाही अडवून ठेवू शकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत हे कायद्यात आलंय. गेल्या वर्षी मीही एका मुलासाठी थांबले नव्हते, कोर्टात जायला उशीर होत होता. कोण होता, वाचला का, मला माहीत नाही.

(बराच वेळ कोणाचा मेसेज नाही)

सी ४०४: आज आजींना कोणी उचललं?

सी २०३ सूनबाई: भाजीवाल्या ताईंनी. आईंचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. गाड्या अडवायला वॉचमन रस्त्यात उभे राहिले. १०८ ला फोन शेजारच्या टपरीवरच्या मुलाने केला.

सेक्रेटरी (ए ५०१): त्या मुलाचं आणि भाजीवाल्या ताईंचं आभार मानायला मी स्वतः जातो. आता मुद्द्याचं. आपण अर्ज करूया. झेब्राचे पट्टे पुसले गेलेत ते परत मारून हवेत, चालणाऱ्यांचा सिग्नल लांबवायला हवा, आणि राँग साइड रोखायला गेटच्या डावीकडे आडवे खांब.

बी १०३ काका: सिग्नलचं मोजून लिहा. मी मोजलंय. हिरवा माणूस १२ सेकंद. माझे पाय चालतात तरी मधल्या स्टॉपला पोहोचेपर्यंत तो लाल होतो. आजींना २० लागतात.

बी ४०२: काका तुम्ही कधी मोजलंत?

बी १०३ काका: रोज. रिकामा माणूस. घड्याळ घालतो अजून.

ए २०४ वकीलताई: हे अर्जात पहिल्या ओळीत. सेकंद घातले की कोणी 'पाहतो' म्हणून सोडू शकत नाही.

ए ३०३: सही करायला कधी येऊ?

सेक्रेटरी (ए ५०१): रविवारी साडेदहा, क्लबहाउस. फ्लेक्सचाही मुद्दा घालतो, बी ४०२ निश्चिंत राहा.

ए १०२: पांढऱ्या गाडीचे मालक सापडले. आमचेच जावई. माफी असावी.

सी २०३ सूनबाई: आई जाग्या झाल्या. नातू त्यांच्या सांगण्यावरून लिहितोय:

'सगळ्यांना नमस्कार. मी बरी आहे. हात जड झालाय फक्त. बस मिळणारच होती, एवढी घाई करायला नको होती, हे मला कळतं, तेव्हा कोणी सांगू नका. माझा पास पिशवीत होता, तो आहे. डावी चप्पल मात्र नाही. कोणाला दिसली का? नवीन आहे.'

बी १०३ काका: चप्पल वॉचमनच्या केबिनमध्ये आहे, मॅडम. मीच उचलून ठेवली.