मदत हवी आहे: व्हॅनमधला छोटा फ्रीज पहाटे बंद पडतो
कॅम्पर व्हॅनमध्ये १२ व्होल्टचा, ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज आहे. दिवसा छान चालतो. पहाटे कॉम्प्रेसर सुरू होतानाच लाल दिवा लुकलुकतो आणि बंद. सकाळी दूध कोमट.

बॅटरी १०० अँपिअर-अवरची लिथियम, तेव्हाही निम्म्याहून जास्त भरलेली. मल्टिमीटर लावला: बॅटरीपाशी १२.९ व्होल्ट, फ्रीजच्या प्लगपाशी मात्र ११.६! वायर १.५ चौरस मिमीची, ६ मीटर लांब, टोकाला लायटर सॉकेट. फ्रीजचा कटऑफ (व्होल्टेज किती खाली गेलं की फ्रीज स्वतःच बंद होतो, ती सेटिंग) ‘हाय’वरून ‘लो’वर केल्यावर फ्रीज रात्रभर चालला, पण सॉकेट हाताला चांगलंच गरम लागतं, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. फ्रीजमागे हवेला जागा आहे. बॅटरी हलवता येणार नाही.

सॉकेट काढून बॅटरीपासून फ्यूज लावून थेट वायर ओढायची, तर ४ चौरस मिमी पुरेल की ६च घ्यावी? आणि फ्यूज किती अँपिअरचा?