वॉल्ट्झच्या चौकटीत तिसऱ्या पावलावर पाय अडतो. जुने जोडीचे नाच कुठून सुरू करावेत?

सुदामानगर_जोडी
नमस्कार मंडळी. आम्ही नवरा-बायको, पन्नाशीच्या अलीकडचे, राहणार इंदूर. १९२०-३० च्या काळातले जोडीने करायचे नाच शिकायचे आहेत: वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, जमलं तर चार्ल्सटन. स्पर्धेसाठी नाही, घरच्या कार्यक्रमात नीट नाचता यावं एवढंच. हॉल १२ बाय १४ फूट, खाली कोटा फरशी. व्हिडिओ बघून वॉल्ट्झची चौकट (सहा पावलांचा चौकोन) सुरू केली, पण तिसरं पाऊल झालं की पुढचा पाय कुठला तेच कळत नाही. एकमेकांच्या पायांवर पाय पडतात. स्पोर्ट्स शूज घालून वळलं की गुडघ्याला पीळ बसतो, नुसत्या मोज्यांवर केलं की घसरायला होतं. ही कथक शिकलेली आहे, मला तालाचं जेमतेम कळतं. काय चुकतंय?

दादरा_ठेका
तिसऱ्या पावलावर अडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: पाय जुळवला, पण भार त्यावर टाकला नाही. नुसता टेकवलेला पाय मोकळाच राहतो आणि चौथ्या मात्रेला पुन्हा तोच उचलला जातो. वॉल्ट्झच्या चौकटीत टेकवणं नाही. सहा मात्रा, सहा पावलं, सहाही वेळा अंगाचा पूर्ण भार बदलतो.

लीड करणाऱ्याने (जो दिशा देतो त्याने): डावा पुढे, उजवा बाजूला, डावा उजव्याशी जुळवून भार डाव्यावर. मग उजवा मागे, डावा बाजूला, उजवा जुळवून भार उजव्यावर. फॉलो करणाऱ्याचं (जो त्याच्यामागे जातो त्याचं) याच्या उलट: उजवा मागे, डावा बाजूला, उजवा जुळवा; डावा पुढे, उजवा बाजूला, डावा जुळवा. तपासायचं असेल तर तिसऱ्या मात्रेला थांबा आणि मोकळा पाय बोटभर वर उचला. अंग न झुकवता उचलला गेला तर भार बरोबर पडलाय. झुकावं लागलं तर भार अजून दोन पायांत वाटलेला आहे.

घरात कथक आहे तर सहा मात्रांचा दादरा ताल लावा. धा धी ना, धा तू ना. वॉल्ट्झचे दोन बार (तीन-तीन मात्रांचे गट) म्हणजे दादऱ्याचं एक आवर्तन आणि पुरी एक चौकट. लीड करणाऱ्याचा डावा समेवर (पहिली मात्रा), उजवा कालावर (चौथी मात्रा). पुढच्या समेवर पुन्हा डावाच यायला हवा. उजवा आला तर मध्ये कुठेतरी भार बदलायचा राहिला. फरक इतकाच की वॉल्ट्झमध्ये दर तिसऱ्या मात्रेनंतरची पहिली मात्रा जड असते, म्हणजे कालावरचं पाऊलही समेइतकंच ठाम टाकायचं.

लय ही दुसरी अडचण. संथ वॉल्ट्झ मिनिटाला २८ ते ३० बार चालतो, म्हणजे ८४ ते ९० मात्रा. तबल्याच्या ऍपवर ७० ला पक्कं करा, मग दर दोन दिवसांनी ५ ने वाढवा. व्हिएनीज वॉल्ट्झ मिनिटाला १८० मात्रांच्या आसपास जातो, याच्या दुप्पट. 'वॉल्ट्झ' एवढंच शोधलं तर त्या लयीतलं संगीतही समोर येतं. त्यावर नवशिक्याची चौकट बसणार नाही, तुमचा दोष नाही.

पायांवर पाय पडतात ते अगदी नाकासमोर नाक उभं राहिल्यामुळे. फॉलो करणाऱ्याने अर्धं अंग लीड करणाऱ्याच्या उजवीकडे सरकून उभं राहायचं, म्हणजे प्रत्येकाचा उजवा पाय समोरच्याच्या दोन पायांच्या मधल्या फटीकडे येतो. नजर एकमेकांच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे. खाली पावलांकडे पाहिलं की डोकं पुढे जातं, अंतर बिघडतं आणि मग पाय हमखास तुडवला जातो. बाजूचं पाऊल खांद्यांच्या रुंदीएवढंच. मोठं टाकलं की जुळवायला वेळ पुरत नाही, आणि तुमची पहिली तक्रार परत तिथूनच सुरू होते.

टाच_चवडा
बूट आणि फरशीबद्दल, कारण गुडघ्याचं आधी बघायला हवं. रबरी तळ कोटा फरशीला धरून ठेवतो. अंग वळतं, पाऊल वळत नाही, आणि मधला पीळ गुडघा खातो. त्या बुटात वळणं आजपासून बंद. चामडी तळाचा बूट उत्तम, टाच पुरुषांना इंचभर, बाईंना दीड ते दोन. नवा घ्यायचा नसेल तर साध्या बुटाच्या तळाला मोच्याकडून स्वेड चामडं चिकटवून घ्या, खरखरीत बाजू बाहेर. तोवर जुन्या मोज्याचं टोक कापून ती नळी बुटावरून चवड्यावर चढवा. चवडा सरकतो, टाच धरून राहते. फरशीवर पावडर टाकू नका. पॉलिश केलेल्या कोट्यावर ती धोक्याची.

दगडी फरशी दणका परत पायात पाठवते. आपल्या इंदूरच्या लालबाग राजवाड्यातल्या नाचघराची लाकडी जमीन स्प्रिंगांवर बसवलेली आहे ती याचसाठी. घरी तेवढं शक्य नाही, म्हणून एका वेळी २० मिनिटं पुरे, आणि चार्ल्सटनचा सराव जाड तळाच्या बुटातच.

ताईंसाठी: कथकच्या चक्रात टाचेवर फिरायची सवय असते. इथे फिरायचं ते चवड्यावर. पुढचं पाऊल टाचेकडून पडतं, मागचं बोटांकडून. पूर्ण तळवा आपटायचा नाही. साडीत सराव असेल तर निऱ्या इंच-दीड इंच वर घ्या. फॉलो करताना निम्म्या वेळा मागे जावं लागतं आणि काठ स्वतःच्याच टाचेखाली येतो.

पलासिया_पाऊल
वरच्या दोघांशी सहमत, पण क्रमाबद्दल माझं मत वेगळं आहे. नवशिक्याने वॉल्ट्झने सुरुवात करूच नये. आधी वन-स्टेप घ्या. व्हर्नन आणि आयरीन कॅसल या जोडप्याने १९१४ च्या सुमारास गाजवलेला नाच, म्हणजे तुमच्या आवडत्या काळाच्या अगदी उंबरठ्यावरचा. एका मात्रेला एक पाऊल, बस. लीड करणारा डाव्याने पुढे चालतो, समोरचा उजव्याने मागे. जुळवणं नाही, चौकट नाही. त्यामुळे जी गोष्ट शिकायला खरोखर वेळ लागतो, म्हणजे दोन अंगांनी एकत्र चालणं, तिच्यावरच सगळं लक्ष राहतं.

पकड अशी: लीड करणाऱ्याचा उजवा हात समोरच्याच्या डाव्या खांद्याच्या फऱ्यावर, फॉलो करणाऱ्याचा डावा हात त्याच्या दंडावर, दुसरे दोन हात खांद्याच्या उंचीला धरलेले. दिशा छातीतून कळते, हाताने ढकलून नाही. सरावाला त्या दोन तळहातांच्या मध्ये वर्तमानपत्राचा एक कागद धरून चाला. कागद पडला तर कुणीतरी मागे राहतंय, चुरगळला तर कुणीतरी ढकलतंय.

खोलीतली दिशा प्रदक्षिणेच्या उलट: मध्य डाव्या हाताला, भिंत उजव्या. पुढे कधी भरल्या हॉलमध्ये नाचलात तर सगळे याच दिशेने जातात.

दादरा_ठेका
वन-स्टेप आधी, हे मान्य. आठवडाभर तोच करा. वॉल्ट्झ नंतर.

सुदामानगर_जोडी
मोजे कापून बुटांवर चढवले, गुडघ्याचा पीळ थांबला. तिसऱ्या मात्रेला पाय उचलून पाहिला, भार माझाच अर्धवट पडत होता. आणखी एक: फॉक्सट्रॉट चालू केला की दुसऱ्या फेरीला सम निसटते. आणि १४ फुटांत लगेच भिंत येते, मग काय करायचं?

पलासिया_पाऊल
सम निसटत नाही, नाचाची रचनाच तशी आहे. संथ, संथ, जलद, जलद. संथ म्हणजे दोन मात्रा, जलद म्हणजे एक. एकूण सहा. संगीत मात्र चार-चारच्या बारचं. म्हणून पहिली फेरी पहिल्या मात्रेवर, दुसरी दुसऱ्या बारच्या तिसऱ्या मात्रेवर सुरू होते, आणि दोन फेऱ्यांनी, बरोबर तीन बारनंतर, परत पहिल्या मात्रेवर येता. केरवा तालाच्या आठ मात्रांवर मोजलं तर चार फेऱ्यांना तीन आवर्तनं. ताईंना हे हातावर टाळी देऊन लगेच दाखवता येईल. त्यांनी मोजावं, तुम्ही नुसतं चालावं. सम पकडायला मध्येच पाऊल लांबवलं की घोटाळा होतो.

पावलं: डावा पुढे (संथ), उजवा पुढे (संथ), डावा बाजूला (जलद), उजवा जुळवा (जलद). घरच्या पावलाने एका फेरीत तीन-साडेतीन फूट जातात, म्हणजे तुमच्या हॉलमध्ये तीन फेऱ्या आणि कोपरा. कोपऱ्यात असं करा: डावा पुढे संथ, भार उजव्यावर मागे घ्या संथ, पाव गिरकी डावीकडे वळत डावा बाजूला जलद, उजवा जुळवा जलद. भिंत पुन्हा उजव्या हाताला आली की नेहमीची फेरी.

चार्ल्सटन सुट्ट्या पायांनी आधी शिका, जोडी नंतर. डावा पुढे, उजव्याची पुढे हलकी लाथ, उजवा मागे, डाव्याची मागे लाथ. प्रत्येकाला दोन मात्रा, म्हणजे केरव्याचं एक आवर्तन. लाथ गुडघ्याखालूनच, घोट्याएवढी. कमरेपासून फेकली की तोल मागे जातो. नाच वेगाचा आहे, मिनिटाला २०० मात्रांच्या वर जातो, पण १२० ला टाचा आत-बाहेर फिरवत करता आलं नाही तोवर पुढे जाऊ नका.

टाच_चवडा
टाचा फिरवताना गुडघा आणि पायाची बोटं एकाच दिशेला वळताहेत ना, हे आरशासमोर उभं राहून आधी बघून घ्या. बोटं आत आणि गुडघा बाहेर दिसला तर तो जुनाच पीळ आहे, बूट कुठलाही असो.