मदत हवी आहे: फाउंड्रीतलं मेथडिंग शिकायचंय, आधी नोकरी की एम.टेक.?

नमस्कार. मेकॅनिकल डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला, आता बी.टेक.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) इंटर्नशिप केली. सँड टेस्टिंग (साच्याच्या वाळूची चाचणी) आणि रिजेक्शनच्या नोंदी एवढंच काम होतं, पण ब्लोहोल (वायूमुळे पडलेली पोकळी) आणि श्रिंकेजमुळे (धातू आकसून पडलेल्या पोकळीमुळे) भंगारात जाणारे जॉब, म्हणजे ओतलेले भाग, रोज बघून ठरलं की मला मेथडिंगमध्येच, म्हणजे गेटिंग (साच्यात धातू नेणारे मार्ग) आणि रायझर (धातू आकसताना जादा धातू पुरवणारा साठा) यांच्या डिझाइनमध्येच जायचंय. हे काम मनापासून आवडलंय.

सॉलिडवर्क्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर चांगलं येतं. कास्टिंग सिम्युलेशनवर (ओतकाम आधी संगणकावर करून बघणं) मात्र हात बसलेला नाही. कॉलेजात त्यासाठीचं मॅग्मासॉफ्ट हे सॉफ्टवेअर नाही, आणि पुण्या-कोल्हापुरातल्या कंपन्यांना मेल केले तर जिथून उत्तर आलं तिथे अनुभव मागतात. इंटर्नशिपच्या फाउंड्रीत मेथडिंग बाहेरच्या कन्सल्टंटकडून होतं, त्यामुळे तिथे परत जाऊन उपयोग नाही.

एम.टेक. प्रवेशासाठीची गेट परीक्षा तिसऱ्या वर्षातच देता येते आणि स्कोअर ३ वर्षं चालतो, म्हणून या वर्षी देणार आहे. शैक्षणिक कर्ज आहे, त्यामुळे महागडा खासगी कोर्स किंवा परदेश नको. बेळगाव, राजकोट, कोइम्बतूर, कुठेही राहायची तयारी आहे. (आयटीत जा, हा सल्ला कृपया नको.)

मेथडिंग किंवा फाउंड्रीत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना विचारतो: फ्रेशर घेताना तुम्ही मोल्डिंग शॉपवरचा (साचे बनवण्याच्या विभागातला) अनुभव बघता की सिम्युलेशनचं काम? आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी कुठला जॉब घेतला तर तो तुमच्या दृष्टीने खरा अनुभव धरला जाईल?