मदत हवी आहे: स्नॅपिंग टर्टल सांभाळायचं कसं?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. दोन वर्षांपूर्वी शेजारी घर सोडून गेले आणि जाताना त्यांच्या मुलाचं कासव आमच्या लेकाच्या हवाली करून गेले. तेव्हा ते रुपयाच्या नाण्याएवढं होतं, आता पाठ वीतभर झालीये. कॉमन स्नॅपिंग टर्टल, म्हणजे कडकडून चावणारी मोठी जात आहे हे मला नंतर कळलं!

परवा टाकीतलं पाणी बदलताना मी त्याला मधोमध कडेने धरलं, तर मान सापासारखी मागे वळवून रबरी हातमोज्याचं टोकच तोडलं. बोट वाचलं, नशीब. शेपटीने उचललं तर मणक्याला इजा होते म्हणतात, मग उचलायचं कसं? मागच्या पायांजवळ कवच धरून, की सरळ मोठ्या टबात ढकलून?

चाळीस गॅलनची टाकी आता अपुरी पडतेय. फिल्टर दोन दिवसांत तुंबतो, वास तर विचारू नका. पुढे कवच फूट-दीड फूट होणार, तेव्हा जनावरांना पाणी पाजायची मोठी टाकी घ्यावी का? यूव्हीबी दिवा (उन्हासारखी अतिनील किरणं देणारा) लावलाय, पण हा पठ्ठ्या वर येऊन बसतच नाही. खायला गोळ्या, गांडुळं, कधी मासा.

तळ्यात सोडा असं कृपया सुचवू नका. पाळलेल्याचे रोग तिथल्या कासवांना लागू शकतात. असं कासव घरी ठेवायच्या परवान्याचं कुणी केलंय का? आणि खाणं रोज द्यायचं की दिवसाआड?