कुंडीतलं बुलबुलचं घरटं आणि काठीवरचा मोबाइल

रानजाई
कालच्या पोस्टमधला सल्ला असा: बाल्कनीत बुलबुलनं घरटं केलं की काठीला मोबाइल बांधून रोज व्हिडिओ घ्या, पिल्लू पडलं तर हात लावू नका, माणसाच्या वासानं आई टाकते, खोक्यात ठेवून दूधभात भरवा. तिन्ही गोष्टी चूक आहेत आणि पिल्लांच्या जिवावर बेततात. पिल्लं आठ-नऊ दिवसांची झाली की जवळ गेल्यावर घाबरून, पंख पुरते भरण्याआधीच उडी टाकतात. पिसं न फुटलेलं पिल्लू पडलं तर उचलून सरळ घरट्यात ठेवा, आई वासावरून टाकत नाही. पिसं फुटलेलं, आखूड शेपटीचं फुदकत असेल तर ते हरवलेलं नसतं. जवळच्या झुडपात ठेवा, मांजर हाकला, बाजूला व्हा. आईबाप तिथे येऊन भरवतात. दूध पक्ष्यांना पचत नाही. चोचीत पाणी ओतलंत तर श्वासनलिकेत जातं.

गच्चीवाला
म्हणजे बघूच नये? अंडी उबायला १२-१४ दिवस, मग पिल्लं साधारण तितकेच दिवस घरट्यात. महिनाभर बाल्कनी बंद ठेवायची? मुलांना आवड लागायची कशी?

रानजाई
काचेआडून दुर्बिणीनं हवं तेवढं बघा. कुंडीला पाणीही घाला, फक्त बुंध्याशी आणि झटपट. आक्षेप काठीला आहे. आई उठली की घरटं उघडं पडतं. एप्रिल-मेच्या उन्हात उघडी पिल्लं तापतात, आणि आपली ये-जा कावळा टिपून ठेवतो.

तिसरा मजला
बुलबुलचं कौतुक पुरे. कबुतरांचं काय? दोन अंडी, १७-१८ दिवस उबवण, पिल्लं महिनाभर, ती उडण्याआधी पुढची अंडी तयार! सुकलेल्या विष्ठेच्या धुळीनं फुप्फुसं सुजतात. दादरच्या कबुतरखान्याचा वाद २०२५ मध्ये हायकोर्टात गेला तो उगाच नाही. सरसकट जाळ्या लावा.

गच्चीवाला
तुमच्या त्या सैल जाळ्यांत अडकून मरणारे पक्षी कोण काढणार? जाळी लावून देणारा परत फिरकत नाही!

तिसरा मजला
घरात दम्याचा रुग्ण असेल त्याला हे सांगून बघा.

पाणवठा
आवाज कमी करा. ५० मिमीची जाळी कबुतर अडवते. चिमणी त्यातून आरपार जाते. पक्षी अडकतात ते झोळ पडलेल्या किंवा फाटलेल्या जाळीत. चारी बाजूंनी दोर घालून ताणून बसवा, दर पावसाळ्यानंतर तपासा. लावण्याआधी एसीच्या मागे घरटं आहे का ते पाहा, नाहीतर पिल्लं आत आणि आईबाप बाहेर. कबुतर नको असेल तर काड्या जमू लागल्या की रोज काढा, अंडी पडण्याआधी. विष्ठा कोरडी झाडू नका. मास्क लावा, ओली करून पुसा.

तिसरा मजला
झोळाचं मान्य. पण जाळी काढणार नाही.

गच्चीवाला
काठी सोडली. पण दुर्बीण नसणाऱ्यानं काय करायचं? काचेला टेकवून मोबाइलचा झूम तरी चालेल ना?

रानजाई
चालेल. फ्लॅश बंद ठेवा, घरट्यासमोरची फांदी वाकवू नका, आणि पिल्लं उडेपर्यंत घरट्याची जागा ऑनलाइन कुठे टाकू नका.